कल्पना चोरून खात नव्हती

कल्पना गेल्याचं मला तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनमध्ये बातमीचा मजकूरही सांगितला. मी नुकतीच वर्तमानपत्राच्या कार्यालयात पोचले होते. विलासचा आवाज स्थिर होता, थोडा घाईचा. "ताई, कल्पना गेली सकाळी. निधनवार्तेत तेवढं 'दीर्घ आजाराने' टाकून द्या. लिव्हरचं लिहू नका. लोकांले वाटते, बाई पीत होती का काय." मी मजकूर लिहून घेत होते. त्याचा त्यानं वेगळा अर्थ घेतला असावा, कारण तो पुढं म्हणाला, "तुम्हाले तर मालूम आहे सगळं. तोंडावर ताबा नव्हता तिचा. किती सांगतलं आम्ही..." मागून त्याला कुणी तरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

निधनवार्ता त्यानं सांगितली तशीच दिली. ती कुटुंबाची असते. हा लेख कुटुंबाचा नाही. कल्पना माझी कामठीची शेजारीण आणि शाळेपासूनची मैत्रीण. ती चोरून खाते आणि म्हणून फुगते, अशी एक गोष्ट तिच्या सासरी वर्षानुवर्षं खरी मानली गेली, नातेवाइकांत हसत सांगितली गेली, आणि ती मेल्यावर पहिल्याच फोनमध्ये पुन्हा सांगितली गेली. ती गोष्ट खोटी आहे. खोटी का आहे, हे डॉक्टरांनी विलासला समोर बसवून समजावलं होतं.

कामठीत आमची घरं एकाच गल्लीत होती. मागच्या बाजूला यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालायचा. त्या आवाजावरून बोलायची सवय लागल्यामुळं कल्पनाचा स्वर पुढंही कायम जरा चढा राहिला. अंगानं काटकुळी. तिच्या आईची तक्रार एकच, पोरगी जेवत नाही. गोडाचा तर तिला तिटकारा होता. दिवाळीत आमच्याकडे फराळाला आली की करंजीचं आवरण खायची आणि सारण माझ्या ताटात ओतायची. तिला आंबट लागायचं. चिंच, बोरं, कैरीचा तक्कू. कॉलेजसाठी आम्ही शेअर ऑटोनं नागपूरला यायचो. ऑटोवाला माणसं कोंबत सुटायचा आणि शेवटी कल्पनाला म्हणायचा, "ताई, तुम्ही सामोर बसा, तुमचं वजनच काय!" ती म्हणायची, "मंग भाडंही अर्धं घे गा." सगळा ऑटो हसायचा. तिच्या वजनावरून झालेल्या थट्टेत ती स्वतः हसल्याचं मी पाहिलं, ते त्या वर्षांतच.

लग्न होऊन ती नागपुरात, लकडगंजच्या मागच्या गल्लीत आली. विलास सरकारी कचेरीत लिपिक. घरात सासू आणि लग्नाची एक नणंद. अशा ठिकाणी 'माणसं तशी वाईट नव्हती' असं लिहायची पद्धत आहे. मी ते वाक्य लिहिणार नाही. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं, सणाला साडी मिळायची, हे खरं आहे. जे झालं ते या सगळ्यासकट झालं.

श्रुतीच्या जन्माच्या वेळी रक्त थांबेना. बाटल्यांमागून बाटल्या रक्त चढवावं लागलं. विलासच्या कचेरीतली माणसं रक्त द्यायला रांगेत उभी राहिली. कल्पना वाचली, मूल सुखरूप होतं. दवाखान्यात पेढे वाटले गेले आणि प्रकरण तिथंच संपलं असं सगळ्यांनी मानलं. पण दूध आलं नाही. कमी आलं असंही नाही. आलंच नाही. सासूनं डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, खारीक-खोबरं, शतावरी, वरून तूप. मी भेटायला गेले तेव्हा कल्पना भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, हातात अर्धा लाडू. "खाल्लं जात नाही वं," ती हळूच म्हणाली. "पण ठेवून दिलं तर म्हणतात, पोरीच्या तोंडचं तोडून राहिली." तेवढ्यात सासू आत आली. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "एवढं खाते, ते जाते कुठं, देव जाणे. पोरीच्या पोटात तर जात नाही." हे वाक्य त्या घरात राहिलं. पुढं त्यातून पोरगी गळाली आणि 'एवढं खाते' तेवढं उरलं.

पाळी पुन्हा आली नाही. त्या वयाच्या बाईची पाळी बाळंतपणानंतर कायमची थांबते, याचं कुणालाही काही वाटलं नाही. सासूच्या मते कटकट गेली, सोवळ्यातल्या कामाला बाई कायम मोकळी झाली. केस गळले, भुवया विरळ झाल्या, चेहऱ्याची कातडी कागदासारखी झाली. आणि थंडी वाजू लागली. नागपूरच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं त्या दिवसांत, कल्पना घरात स्वेटर घालून बसायची. एकदा मी होते, विलासचे दोन मित्र होते, कूलर लावलेला होता. ती दारातून म्हणाली, "जरा बंद करता का? मले थंडी वाजून राहिली." विलास मित्रांकडे वळला. "पाहा, एवढी गादी आहे अंगावर, तरी हिले थंडी!" मित्र हसले. कूलर चालू राहिला. ती शाल आणायला आत गेली.

गादी म्हणजे पोट. हात-पाय कामठीतल्यासारखेच बारीक होते, उलट आणखी सुकले होते. वाढलं होतं ते फक्त पोट. लग्नसमारंभात बायका जवळ येऊन विचारायच्या, "कितवा लागला वं?" आणि नंतर आपसात खुसफुसायच्या. घरात उपाय सुरू झाले. बैठकीत वजनकाटा आला. पाहुण्यांसमोर विलास तिला त्यावर उभं करायचा आणि आकडा मोठ्यानं वाचायचा, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. तुपाच्या बरणीवर सासू मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची, बाहेरून, तुपाच्या पातळीला लावून. ती पेन्सिल श्रुतीच्या दप्तरातली असायची. मी ती बरणी पाहिली आहे. काचेवर एकाखाली एक बारीक, नीट, सरळ रेघा. बातमीच्या धंद्यात माणसं एकमेकांना काय काय करतात ते रोज वाचावं लागतं. त्यातल्या बऱ्याच गोष्टी मी विसरले. त्या रेघांची किळस मात्र अजून गेलेली नाही. एक म्हातारी बाई रोज सकाळी वाकून, डोळा बरणीला लावून, सुनेचा गुन्हा मोजत होती... आणि चोरी एकदाही सापडली नाही. सापडली नाही म्हणून सून बाहेर खाते, असं ठरलं.

घरच्या डॉक्टरनं थायरॉईड तपासायला सांगितलं. तपासणीचा आकडा ठीक आला. "सगळं नॉर्मल आहे, तोंड आवरा," तो म्हणाला. कल्पना म्हणाली, "मी दोन पोळ्यांच्या वर खात नाही, डॉक्टर." यावर डॉक्टर विलासकडे बघून हसला आणि विलासही हसला.

मग उपास लागले. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादशी, चतुर्थी, वर नवरात्र. यात सासूचा हिशेब असा की देवाचंही घडतं आणि वजनही उतरतं. शेजारच्या बायकांना हे फार पटलं. "सासू असावी तर अशी, सुनेच्या तब्येतीची काळजी घेते," असं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. उपासाच्या दिवशी कल्पनाला घाम फुटायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढं अंधार यायचा. ती भिंत धरून खाली बसली की नणंद म्हणायची, "झालं सुरू वहिनीचं नाटक."

महालक्ष्म्यांचा तो दिवस मला सांगितलाच पाहिजे, कारण पुढं तिची ओळख तेवढीच उरली. आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा कुळाचार. दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, आणि घरभर जेवायला माणसं. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही तोंडात जाऊ द्यायचं नाही, चवही बघायची नाही. कल्पना पहाटेपासून ओल्या सोवळ्यात, निर्जळी, चुलीपाशी. मी जेवायला बोलावलेल्यांत होते आणि ओट्याच्या अलीकडे केळीची पानं पुसत होते. पुरण वाटून झालं. कल्पना परातीपुढं बसली होती. तिचे हात असे कापत होते की बांगड्या वाजत होत्या. मी हाक मारणार तोच तिनं मूठभर पुरण उचललं आणि तोंडात कोंबलं. चव घेणारं माणूस असं खात नाही. बुडणारं माणूस श्वास घेतं, तसं होतं ते. गोड पुरण, जे ती पोळीतूनसुद्धा काढून टाकायची. नणंद ओरडली, "आई! वहिनीनं पुरण खाल्लं!" आणि कल्पना आडवी झाली.

मी तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि साखर मागितली. नणंद म्हणाली, "अजून साखर?"

स्वयंपाकघराच्या दारात गर्दी झाली. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं, सगळे परातीकडे बघत होते. नैवेद्याचं पुरण उष्टं झालं होतं. ते बाहेर काढलं गेलं, चूल पुन्हा सारवली गेली, हरभऱ्याची डाळ नव्यानं शिजत घातली गेली, आणि पाहुणे संध्याकाळ होईपर्यंत खोळंबले. शुद्धीवर आल्यावर कल्पनाला अंघोळ करायला लावली आणि दोन्ही मुखवट्यांसमोर, सगळ्या पाहुण्यांदेखत, नाक घासून माफी मागायला लावली. तिनं मागितली. श्रुती तेव्हा शाळकरी होती. ती दारामागून बघत होती. मागच्या ओळीतून एक काका म्हणाले, "महालक्ष्मीच्या आधी हिनंच भोग घेतला!" आणि बैठकीत हशा पिकला. भुकेले होते सगळे, पण हसायला ताकद होती. पुढं दर वर्षी पानं वाढली जाताना ही गोष्ट निघायची. नवीन जावई, नवीन सून आली की त्यांना सांगितली जायची. कल्पना तेव्हा वाढत असायची. ती एवढंच म्हणायची, "मले तवा काही सुचलंच नाही जी." तेही कुणी ऐकत नसे.

नंतर ते लोक शहराच्या टोकाला, बेसाला, स्वतःच्या घरात राहायला गेले. वर्षं गेली. श्रुती नोकरीला लागली. मग कल्पनाचे डोळे पिवळे झाले आणि पोटात पाणी भरलं. धंतोलीतल्या यकृताच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "दारू?" विलास खुर्चीतून उठला. "साहेब, घरंदाज बाई आहे!" यकृतात चरबी साठून साठून ते आकसलं होतं, दगडासारखं झालं होतं. डॉक्टरांनी तिचे बारीक हात पाहिले, विरळ भुवया पाहिल्या, मीठ आणि साखर दोन्ही रक्तात कमी असल्याचं पाहिलं, आणि हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवलं. तिकडे जाताना कल्पनानं मला सोबत घेतलं. "तू चाल वं. हे मधातच बोलतात, मले बोलू देत नाहीत."

ती डॉक्टर आमच्यापेक्षा वयानं लहान होती. तिनं पोटाला हात लावायच्या आधी विचारलं, "बाळंतपणात रक्त खूप गेलं होतं?"

"हो."

"नंतर दूध आलं?"

कल्पनानं विलासकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नाही. थेंबही नाही."

"पाळी?"

"नाही आली मंग."

"कधीच?" डॉक्टर विलासकडे वळली. "हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

विलास म्हणाला, "ते बायकांचं असते, मॅडम. आम्ही काय सांगणार?"

रक्ताच्या तपासण्या झाल्या, मेंदूचं स्कॅनिंग झालं. पुढच्या भेटीत डॉक्टरनं जे सांगितलं ते मी लिहून घेतलं नाही, पण ते विसरण्यासारखं नव्हतं. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागं, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पिट्युइटरी म्हणतात. बाळंतपणात रक्त भरमसाट गेलं की कधी कधी तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. बाई जिवंत राहते, ग्रंथी मेलेली असते. दूध उतरवायचा निरोप तीच देते, म्हणून दूध आलं नाही. पाळीचा निरोप तिचाच. थायरॉईडलाही तीच हुकूम सोडते. घरच्या डॉक्टरनं तपासला तो आकडा या हुकमाचा होता. हुकूम देणारीच मेलेली असेल तर त्या आकड्यावरून काही कळत नाही, तरी त्यावरून 'नॉर्मल' ठरलं. आणि उपाशी पोटी रक्तातली साखर धरून ठेवणारं हार्मोनही तिच्याच इशाऱ्यावर तयार होतं. ते नसलेल्या माणसाला निर्जळी उपास घडवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. "अशा वेळी शरीर गोड मागतं. मिळेल ते, समोर असेल ते. माणूस तेव्हा विचार करत नाही," डॉक्टर म्हणाली. पुरणाबद्दल तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी ती यकृतावर आली. वाढीचं हार्मोन म्हणून जे असतं, ते उंची वाढून झाल्यावरही काम करत राहतं. चरबी जाळायला सांगतं, यकृतात तिचा साठा होऊ देत नाही, स्नायू राखतं. तेही याच ग्रंथीतून येतं. ते थांबलं की हातापायांचे स्नायू झिजतात, चरबी पोटात उतरते आणि यकृतात भरत जाते, मग त्या बाईनं दोन पोळ्या खाव्यात की एक. शरीरात कुठं काय साठवायचं ते फक्त तोंड ठरवत नाही. डॉक्टरनं हे शांतपणे, सावकाश सांगितलं, आणि उशीर फार झाला आहे, हेही सांगितलं.

कल्पनानं सगळं ऐकून घेतलं. मरणाबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "म्हणजे मी चोरून खात नव्हती. हो ना डॉक्टर?"

"कोण म्हणत होतं असं?"

विलास भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. कल्पना म्हणाली, "यांले सांगा ना एकदा तुमच्या तोंडानं." डॉक्टरनं सांगितलं. स्पष्ट सांगितलं, त्याच्या डोळ्यांत बघून. तो म्हणाला, "हो, हो." गाडीत बसल्यावर, अजून दवाखान्याच्या फाटकातून बाहेरही पडलो नव्हतो, तो मला म्हणाला, "डॉक्टर लोक असंच बोलतात, ताई. पेशंटले बरं वाटावं म्हणून. थोडंतर खाल्ल्याशिवाय चढते का?" कल्पना मागच्या सीटवर होती. तिला ते ऐकू गेलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिने ती बदलली. दुपारी झोपून राहणारी बाई उठून अंगणात खुर्ची टाकू लागली. त्या उन्हाळ्यात मी बेसाला गेले तर तिच्या अंगात सुती साडी होती आणि स्वेटर कुठंच नव्हता. माझ्यासमोर ती उठली, कूलरपाशी गेली आणि बटण दाबलं. मग वाऱ्यासमोर उभी राहून, पदर सैल करून, मोठ्यानं म्हणाली, "पाह्य वं, मले गरम होऊन राहिलं!" इतकी साधी गोष्ट. ती हसत होती. सासू आतून म्हणाली, "बिल कोण भरते?"

त्याच दुपारी तिनं मला सांगितलं, तिला काय हवं होतं ते. "जगायचं म्हणून काही नाही वं. सासूबाईनं एकदा म्हणावं, सगळ्याइसमोर. का त्या दिवशी पुरण काहून खाल्लं, ते आम्हाले आता समजलं. बस. नाक तर सगळ्याइसमोर घासायले लावलं होतं ना?" मी म्हटलं, तू त्यांना सांग तसं. ती म्हणाली, "सांगतलं. म्हणे, जुनं कशाले उकरून राहिली."

पोटातलं पाणी काढून काढून भरत होतं. शेवटी रक्ताची उलटी झाली आणि दवाखान्यात नेल्यावर ती गेली. विलासच्या फोनची हकिगत वर आलीच आहे.

तेरवी बेसाच्या घरीच होती. अंगणात मांडव, आत भिंतीशी तिचा फोटो. गेलेल्या माणसाच्या आवडीचं ताट फोटोपुढं ठेवायची रीत आहे. मी आत गेले तेव्हा ताट ठेवलेलं होतं. त्यात पुरणपोळ्यांची चळत होती, वर तुपाची धार, आणि बाजूला वाटीभर नुसतं पुरण. नणंद ताटाकडे बघून डोळे पुसत म्हणाली, "भल्ली आवडे वहिनीले." आणि माझ्या मागं, त्या खोलीत, त्या फोटोसमोर, कुणी तरी नाकातून हसलं. दाबलेलं, ओळखीचं हसू. पुष्कळांना ते कशाचं आहे ते कळलं, कारण दोघातिघांनी माना खाली घातल्या आणि त्यांचे खांदे हलले. मी अनेक मृत्यूंच्या बातम्या हाताळल्या आहेत. इतकं ओंगळ काही माझ्यासमोर घडल्याचं मला आठवत नाही.

श्रुती फोटोजवळ बसली होती. ती उठली. आवाज चढवला नाही. आजीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आई चोरून खात नव्हती. डॉक्टरनं सांगितलं ते तुला आईनं सांगितलं, मीही सांगितलं. आता सगळे आहेत. एकदा म्हण."

म्हातारीनं आजूबाजूला पाहिलं. सगळे थांबले होते. मलाही क्षणभर वाटलं, ती म्हणेल... तिनं श्रुतीच्या गालावरून हात फिरवला. "गेलेल्या माणसाले मी दोष नाही देत बेटा. आवडे तिले, खाल्लं तिनं. मी माफ केलं तिले."

"कशाबद्दल?" श्रुतीनं विचारलं.

बायकांनी सुस्कारे सोडले. मन केवढं मोठं, असं एक जण म्हणालीही. विलासनं श्रुतीचा दंड धरला. "बस ना आता. लोकं जेवायचे थांबले आहेत." आणि ते खरंच थांबले होते. लगेच पंगत बसली, पुरणपोळ्या वाढल्या गेल्या, आणि ज्यांचे खांदे हलले होते त्यांनी आग्रह करकरून एकमेकांना वाढलं. श्रुती जेवली नाही. मीही निघाले.

त्यानंतर श्रुती एकदा माझ्याकडे आली. आता ती वेगळी खोली घेऊन राहते. आईच्या आजाराबद्दल विचारत होती, बाळंतपणाबद्दल, मी त्या वेळी काय पाहिलं त्याबद्दल. बोलता बोलता जेवायची वेळ झाली. मी साधाच स्वयंपाक केला होता, वरण-भात, वांग्याची भाजी. ताट वाढून तिच्या हातात दिलं. तिनं पहिला घास घ्यायच्या आधी ताट दोन्ही हातांनी उचललं, माझ्या बाजूला किंचित कलतं केलं, पळभर तसंच धरलं, आणि मग खाली ठेवून जेवू लागली. मला आधी उलगडा झाला नाही. मग झाला. कल्पना असंच करायची. शेवटच्या वर्षांत ती कुणाकडेही जेवायला बसली की समोरच्याला ताट दाखवायची. काय काय घेतलं आहे, किती घेतलं आहे, ते दिसावं म्हणून. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. हात आपोआप करायचे.

श्रुती बारीक आहे, निरोगी आहे. तिच्यावर कुणी पाळत ठेवलेली नव्हती. तिनं फक्त आईला जेवताना पाहिलं होतं आणि माणसं अशीच जेवतात, असं धरलं होतं.

मी म्हटलं, "श्रुती, ताट कशाला दाखवतेस?"

"कुठं दाखवलं, मावशी?" ती म्हणाली. मग तिनं ताटाकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि घास तिच्या तोंडातच राहिला. तिनं घास गिळला, ताट स्वतःकडे ओढून घेतलं, त्यावर वाकली आणि कुणाकडे न बघता सगळं संपवलं.

मग हात पुढं करून म्हणाली, "मावशी, अजून भात वाढ."